सर्व्हरचे अद्ययावतीकरण आणि पॅकेजांचे तंटे : एक अभ्यास

बँकेचा व्यवहार आज शाखेच्या काउंटरइतकाच संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरही होतो. ग्राहकाला दिसतो तो पडदा. त्यामागे अहोरात्र राबतो तो सर्व्हर. इमारतीची जशी वेळोवेळी डागडुजी करावी लागते, तशी सर्व्हरवरील सॉफ्टवेअरचीही सुधारित आवृत्ती अधूनमधून बसवावी लागते. या कामाला अद्ययावतीकरण असे म्हणतात. बहुतेक वेळा ते विनासायास पार पडते. क्वचित मात्र काम अर्ध्यावर असतानाच पडद्यावर संदेश झळकतो : अमुक पॅकेजचा तमुक पॅकेजशी विरोध आहे, काम थांबविण्यात येत आहे. हा विरोध डेटाबेसच्या पॅकेजांत असेल तर प्रश्न अधिक नाजूक होतो. कारण सारा हिशेब तेथेच साठविलेला असतो.

असा प्रसंग आल्यास तो कसा समजून घ्यावा, कोणत्या क्रमाने सोडवावा आणि कोणत्या मोहापासून दूर राहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. शाखांतील सेवकवर्गाला, तसेच स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्या व्यापारी व संस्था ग्राहकांना तो उपयुक्त ठरावा.

मैलापूरच्या सभेचे उदाहरण

चेन्नई शहरातील मैलापूर हा भाग कपालीश्वराचे मंदिर, त्यालगतचा विस्तीर्ण तलाव आणि मंदिराभोवतीचे माड रस्ते यांसाठी प्रसिद्ध आहे. बचतीची परंपराही येथे जुनी आहे. मैलापूर हिंदू परमनंट फंड ही संस्था १८७२ साली स्थापन झाली. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे तमिळ मार्गळी महिन्यात, मैलापुरातील आणि एकूणच चेन्नईतील संगीत सभा कर्नाटक संगीताच्या मैफलींनी गजबजून जातात. मैफलीच्या उत्तरार्धात एखादा मराठी अभंगही रंगतो. सभांची वर्षभराची मिळकत बऱ्याच अंशी या काही आठवड्यांवर अवलंबून असते.

अभ्यासासाठी अशाच एका लहान सभेची कल्पना करू. सभा काल्पनिक आहे. तिच्या सर्व्हरवर उद्भवणारी अडचण मात्र खरी असून त्या काळी जगभर अनेकांना ती आलेली आहे. काळ २०१३ च्या नोव्हेंबरचा. सभेने तिकीटविक्रीसाठी एक सर्व्हर भाड्याने घेतलेला आहे. त्यावर सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली आहे. ॲपाची हा वेब सर्व्हर रसिकांना पान दाखवितो, पीएचपी भाषेतील कार्यक्रम आसन राखून ठेवतो, मायएसक्यूएल ५.१ या डेटाबेसमध्ये आसनांची व पैशांची नोंद होते. पोस्टफिक्स नावाचा कार्यक्रम रसिकाला ई-मेलने तिकीट पाठवितो. क्रॉन नावाचा आणखी एक कार्यक्रम ठरलेल्या वेळी ठरलेली कामे करतो : रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत काढणे, आणि पहाटे बँकेकडून आलेली जमा रकमांची यादी विकलेल्या तिकिटांशी जुळवून पाहणे.

हंगामाला तीन आठवडे उरले असताना तिकीटविक्रीच्या कार्यक्रमाची नवी आवृत्ती येते. तिला मायएसक्यूएल ५.६ लागते. सभेचा तंत्रज्ञ एका संध्याकाळी काम हाती घेतो आणि पहिल्याच पायरीवर विरोधाचा संदेश येतो.

पॅकेज आणि त्यावरील बोजा

लिनक्स प्रणालीत सॉफ्टवेअर सुट्या फायलींच्या रूपाने न येता पॅकेजच्या रूपाने येते. पॅकेज म्हणजे बांधलेले गाठोडे. त्यात फायली असतातच. शिवाय एक जाहीरनामाही असतो. हे पॅकेज काय पुरविते, त्याला दुसऱ्या कोणत्या पॅकेजांची गरज आहे, कोणाशी त्याचे जमत नाही आणि कोणाची जागा ते घेते, हे सर्व त्यात नमूद असते. सेंटओएस किंवा रेड हॅटच्या प्रणालीत आरपीएम आणि यम ही साधने, तर डेबियन व उबुंटू प्रणालीत डीपीकेजी आणि ॲप्ट ही साधने हे जाहीरनामे वाचून मगच काम करतात.

एका पॅकेजला दुसऱ्याची असलेली गरज म्हणजे अवलंबित्व. बँकेतील वाचकाला ही कल्पना सातबारा उताऱ्याच्या आधारे चटकन समजेल. शेतजमीन एकाच्या नावावर असली तरी 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नोंदलेला असू शकतो. तो रकाना न पाहता जमिनीचा व्यवहार करणे धोक्याचे असते. सर्व्हरवरील प्रत्येक पॅकेजलाही असाच 'इतर हक्कां'चा रकाना असतो. एखादी लायब्ररी डेटाबेसच्या नावाची असली तरी तिच्यावर ई-मेलचा कार्यक्रम, भाषेचा कार्यक्रम आणि इतर अनेकांचा हक्क असू शकतो.

विरोधाचे संदेश निरनिराळ्या शब्दांत येत असले तरी त्यांचे प्रकार मुख्यतः तीन आहेत.

१. फायलींचा विरोध : दोन पॅकेजे एकाच ठिकाणी एकाच नावाची, पण वेगळ्या मजकुराची फाइल ठेवू पाहतात. एकाच गट क्रमांकावर दोघांनी मालकी सांगावी, तसा हा प्रकार.

२. अपुरे अवलंबित्व : नव्या पॅकेजला हवी असलेली लायब्ररी उपलब्ध नसते किंवा वेगळ्या आवृत्तीची असते. जामीनदाराशिवाय आलेल्या कर्जप्रकरणासारखी ही स्थिती होय.

३. जाहीर विरोध : पॅकेजच्या जाहीरनाम्यातच 'अमुक पॅकेज असेल तर मी बसणार नाही' असे लिहिलेले असते. एकाच कामासाठी दोन उत्पादकांची पॅकेजे समोरासमोर आली की बहुधा हे घडते.

संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे आधी ठरविल्यास निम्मे काम होते. संदेशातील पहिली ओळ, पॅकेजची पूर्ण नावे आणि आवृत्तीचे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

डेटाबेसच्याच वाट्याला हे तंटे का ?

याचे उत्तर थोडे इतिहासात आहे. मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ मध्ये स्वीडनमधील एका लहान कंपनीने तयार केला. वेब सर्व्हरवर तो इतका रुळला की लिनक्सच्या बहुतेक वितरकांनी त्याची पॅकेजे आपल्या प्रणालीसोबतच देण्यास सुरुवात केली. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी सुमारे १ अब्ज डॉलरना विकत घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये सन स्वतःच ओरॅकलच्या मालकीची झाली. मायएसक्यूएलचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये त्याच संहितेवरून मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस सुरू केला. माय आणि मारिया ही त्यांच्या दोन मुलींची नावे. दोन्ही डेटाबेसना ती मिळाली.

परिणामी एकाच कुळातील पॅकेजे तीन ठिकाणांहून मिळू लागली : प्रणालीच्या वितरकाकडून, मूळ उत्पादकाकडून आणि तिसऱ्या व्यक्तींनी चालविलेल्या भांडारांतून. जून २०१४ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी दिला. जून २०१७ मध्ये डेबियन ९ नेही तेच केले. पॅकेजचे नाव बदलले, तरी आतील लायब्ररी जुन्याच नावाने ओळखली जात राहिली. एका नावाचे दोन खातेदार एकाच शाखेत असले की धनादेश जमा करताना जी दक्षता घ्यावी लागते, तीच येथेही आवश्यक ठरते.

सभेच्या सर्व्हरवर काय घडले ?

तंत्रज्ञाला मिळालेला संदेश पहिल्या प्रकारचा, म्हणजे फायलींच्या विरोधाचा होता. मूळ उत्पादकाकडून आणलेले मायएसक्यूएल ५.६ आणि प्रणालीसोबत आलेले 'मायएसक्यूएल-लिब्ज ५.१' हे पॅकेज, या दोहोंत अक्षरसंचांच्या त्याच त्या फायली होत्या. वरवर पाहता उपाय सोपा दिसतो : जुने लिब्ज पॅकेज काढून टाकावे, म्हणजे वाट मोकळी होईल.

तंत्रज्ञाने यमला तशी आज्ञा दिली. यमने उत्तरादाखल काढावयाच्या पॅकेजांची यादी पुढे ठेवली. तीत मायएसक्यूएल-लिब्ज तर होतेच. पण पोस्टफिक्स, क्रॉनी आणि क्रॉनटॅब्ज हीही नावे होती. कारण असे की, पोस्टफिक्सला ती लायब्ररी लागते. आणि क्रॉन आपल्या कामाचा अहवाल ई-मेलने पाठवीत असल्याने त्याच्या पॅकेजला ई-मेलचा कार्यक्रम लागतो. लायब्ररी गेली की ई-मेल जाते, ई-मेल गेली की घड्याळाबरहुकूम चालणारी कामे जातात. यादीखाली प्रश्न होता : पुढे जावे काय ?

घाईत असलेल्या तंत्रज्ञाने 'होय' असे उत्तर दिले, असे समजू. नवा डेटाबेस बसला. तिकिटाचे पान उघडले, आसन राखले गेले, पैसेही जमा झाले. सर्व काही ठीक आहे असे समजून तो घरी गेला. त्या रात्री दोन वाजता डेटाबेसची प्रत निघाली नाही. पहाटे बँकेच्या यादीशी जुळणी झाली नाही. रसिकांना तिकिटे पोहोचली नाहीत. या गोष्टी झाल्या नाहीत, हे सांगणारा अहवालही आला नाही. कारण अहवाल पाठविणारा पोस्टफिक्स आणि तो तयार करणारा क्रॉन, दोघेही निघून गेले होते.

अशा बिघाडात पान बंद पडत नाही, पैसा येतच राहतो आणि चूक मात्र शांतपणे साचत जाते. ती उघडकीस येते तेव्हा मैफलीच्या दारात एकाच आसनावर हक्क सांगणारे दोन रसिक उभे असतात, किंवा डिस्क बिघडते आणि शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची निघते. ताळेबंद जुळत असूनही रोजची जुळणी थांबलेली असावी, ही स्थिती किती गंभीर आहे हे बँकेत काम करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

काही जण याहून पुढचा मार्ग अवलंबितात. अवलंबित्व न तपासता पॅकेज काढण्याची किंवा विरोध असतानाही सक्तीने बसविण्याची आज्ञा आरपीएममध्ये उपलब्ध आहे. अशा वेळी यादीही पुढे येत नाही. पोस्टफिक्स जागेवर राहतो, पण लायब्ररी न सापडल्याने सुरूच होत नाही. बोजाची नोंद खोडली म्हणून बोजा उतरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

सोडविण्याची रीत

याच अडचणीतून सुरक्षितपणे बाहेर पडण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. नावे सेंटओएस ६ ची असली तरी क्रम कोणत्याही प्रणालीस लागू पडतो.

पहिली पायरी : पाहणी. सर्व्हरवर डेटाबेसशी संबंधित कोणकोणती पॅकेजे आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या आणि प्रत्येक पॅकेज कोणत्या भांडारातून आले, याची लेखी यादी करावी. बहुतांश तंट्यांचे मूळ दोन भांडारे एकाच वेळी चालू असण्यात असते. डेटाबेसची सर्व पॅकेजे एकाच भांडारातून येतील असे ठरवावे आणि दुसऱ्या भांडारातून ती वगळावीत.

दुसरी पायरी : बोजाचा शोध. काढावयाच्या पॅकेजवर कोण अवलंबून आहे, हे आरपीएमला थेट विचारता येते. त्या उत्तरातील प्रत्येक नावापुढे 'हा कार्यक्रम कोणते काम करतो आणि तो थांबल्यास कोणास कळेल' याची टीप लिहावी. 'कोणासही कळणार नाही' असे जेथे लिहावे लागेल, तेथे सर्वाधिक लक्ष द्यावे.

तिसरी पायरी : प्रत आणि तिची परीक्षा. डेटाबेसमधील सर्व नोंदी मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवाव्यात. नुसती डेटाबेसच्या फायलींची नक्कल येथे पुरेशी नाही. नव्या आवृत्तीने हाताळलेल्या फायली जुन्या आवृत्तीस वाचता येतीलच, याची खात्री नसते. काढलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष भरून पाहावी. तिजोरीची दुसरी किल्ली नुसती असून चालत नाही, ती कुलपाला लागते का हेही पाहावे लागते.

चौथी पायरी : पर्यायी जामीनदार. जुन्या लायब्ररीवर अवलंबून असलेल्यांची सोय लावल्याखेरीज तिला मुक्त करू नये. या कामासाठी उत्पादकच 'शेअर्ड-कॉम्पॅट' नावाचे पॅकेज देत असे. त्यात जुन्या आवृत्तीच्या लायब्ररी अंतर्भूत होत्या, म्हणून पोस्टफिक्स आणि पीएचपी यांची गरज त्यातून भागत असे. नवा जामीनदार स्वीकारल्यावरच जुन्यास मोकळे करावयाचे, हा कर्जखात्यातील नियम येथे तंतोतंत लागू पडतो. सेंटओएस ७ वरही मारियाडीबीच्या लायब्ररीऐवजी मायएसक्यूएलची लायब्ररी आणताना तिच्यासोबत असेच 'कॉम्पॅट' पॅकेज घ्यावे लागे.

पाचवी पायरी : एकच व्यवहार. जुने काढणे आणि नवे बसविणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी न करता एकाच व्यवहारात कराव्यात. यममध्ये अशी सोय आहे आणि तिलाही 'व्यवहार' असेच नाव आहे. नावे आणि जमा या दोन्ही बाजू एकाच वेळी नोंदविल्या गेल्या की मध्येच काही लटकत राहत नाही. यम अंतिम यादी दाखविते तेव्हा 'काढावयाची पॅकेजे' हा भाग दोघांनी मिळून वाचावा. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करावी, हा बँकेचा दंडक येथेही पाळावा. यादीत अपेक्षेपेक्षा एकही नाव अधिक असल्यास उत्तर 'नाही' असेच द्यावे. नकार दिल्याने सर्व्हरचे काही बिघडत नाही.

सहावी पायरी : तक्त्यांची सुधारणा. पॅकेज बदलले म्हणजे डेटाबेस बदलला असे होत नाही. आतील तक्ते नव्या आवृत्तीस अनुरूप करून घ्यावे लागतात. मायएसक्यूएल ५.१ वरून थेट ५.६ वर उडी न घेता मध्ये ५.५ चा टप्पा घ्यावा किंवा तिसऱ्या पायरीतील प्रत नव्या डेटाबेसमध्ये भरावी. नंतरच्या काळातही असे टप्पे आले. एप्रिल २०१८ मधील मायएसक्यूएल ८.० ने परवलीचा शब्द तपासण्याची पद्धतच बदलली. त्यामुळे पॅकेजे विनातक्रार बसूनही जुने कार्यक्रम डेटाबेसमध्ये शिरू शकेनात. डिसेंबर २०१५ मधील पीएचपी ७ ने मायएसक्यूएलशी बोलण्याची सर्वांत जुनी रीत काढून टाकली. अद्ययावतीकरणापूर्वी नव्या आवृत्तीची सूचनापत्रिका वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सातवी पायरी : दुसऱ्या दिवशीची तपासणी. पान उघडते हे पाहून काम संपले असे मानू नये. एक तिकीट घ्यावे, ई-मेल आली का पाहावे, रात्रीची प्रत निघाली का पाहावे, सकाळी जुळणीचा अहवाल हातात घ्यावा. हे सर्व झाल्यावर केलेल्या बदलांची तारीख, वेळ व नावे यांसह नोंद करून मगच प्रकरण बंद करावे.

सभेच्या तंत्रज्ञाने हाच क्रम पाळला असता, तर काम एका संध्याकाळऐवजी दोन दिवसांत झाले असते. हंगामाला तीन आठवडे शिल्लक असताना दोन दिवसांची किंमत फारशी नव्हती.

परतीची वाट

पुढे जाताना परत कसे यावयाचे, याचा विचार आधी करावा लागतो. यममध्ये केलेला व्यवहार उलटविण्याची सोय आहे. पण तिने पॅकेजे परत येतात, डेटाबेसमधील मजकूर पूर्वस्थितीस येत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यास काय होते, याचे एक मोठे उदाहरण ब्रिटनमधील बँकिंग क्षेत्रात घडले.

१७ जून २०१२ या रविवारी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात, रात्रीच्या वेळी ग्राहकांची खाती अद्ययावत करणाऱ्या कामांचे नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती बसविण्यात आली. काही विसंगती आढळल्यावर ती आवृत्ती काढून पूर्वीची आणण्याचे ठरले. या परतीच्या पावलाचे परिणाम आधी तपासलेले नव्हते, आणि नवी व जुनी आवृत्ती परस्परांशी सुसंगत नव्हत्या. त्यातून जी कोंडी झाली तिने ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्रास झाला. कोणाला शिल्लक बरोबर दिसेना, कोणाचे पगार व हप्ते अडकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील दोन नियामक संस्थांनी या समूहास एकूण ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. अद्ययावतीकरण फसण्यापेक्षा, न तपासलेल्या वाटेने परत फिरणे तेथे अधिक महाग पडले.

म्हणून प्रत्येक अद्ययावतीकरणापूर्वी तीन गोष्टी कागदावर असाव्यात : कोणत्या वेळेपर्यंत काम न जमल्यास माघार घ्यावयाची, माघारीचा क्रम कोणता, आणि तो क्रम दुसऱ्या यंत्रावर एकदा करून पाहिला आहे काय.

मग अद्ययावतीकरण टाळावे काय ?

हे सर्व वाचून 'चालते आहे ते चालू द्यावे' असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तथापि तो अधिक घातक आहे. ॲपाची स्ट्रट्स या वेब कार्यक्रमांच्या चौकटीतील एका त्रुटीवरील सुधारणा मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती संस्थेच्या एका यंत्रणेत ती वेळेवर बसविली गेली नाही. त्याच त्रुटीतून मे महिन्यात चोरटे आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख व्यक्तींची माहिती त्यांच्या हाती लागली. सभेच्या उदाहरणातील सेंटओएस ६ प्रणालीची सुरक्षा सुधारणा ३० नोव्हेंबर २०२० रोजी, तर सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ रोजी बंद झाली. त्यानंतरही त्या प्रणालीवर पैशाचे व्यवहार चालू ठेवणे म्हणजे विम्याची मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणण्यासारखे आहे.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञानाच्या सुशासनाविषयी मुख्य निर्देश जारी केले आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यात बदल व सुधारणा यांच्या व्यवस्थापनासंबंधी स्वतंत्र तरतूद आहे. सुधारणा बसविल्याने होणारा परिणाम जसा अजमावावयाचा, तसाच ती न बसविल्याने होणाराही अजमावावयाचा. योग्य मंजुरी घेऊन वेळेत काम करावयाचे. आणि बदल फसल्यास पूर्वस्थितीवर येण्याची व्यवस्था ठेवावयाची, असा तिचा आशय आहे. मैलापूरच्या छोट्या सभेला हे निर्देश बंधनकारक नसले, तरी त्यातील शहाणपण तिलाही तितकेच उपयोगी आहे.

ग्राहकांसाठी

सर्व्हरच्या दुरुस्तीची वेळ बँक वा व्यापारी संस्था बहुधा आधी कळविते. त्या वेळेत मोठी रक्कम पाठविणे, तिकीट काढणे किंवा हप्ता भरणे शक्यतो टाळावे. तरीही एखादा व्यवहार अर्धवट राहिल्यास पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• खात्यातून रक्कम गेली, पण समोरून दुजोरा आला नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. व्यवहाराचा क्रमांक, तारीख व वेळ टिपून ठेवावी आणि खात्याचा उतारा पाहावा.

• रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने किंवा ऑनलाइन खरेदीत कार्डाने व्यापाऱ्यास दिलेली रक्कम वजा झाली, पण व्यापाऱ्यास दुजोरा मिळाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्याहून विलंब झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई देय होते आणि त्यासाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहावयाची नसते.

• रक्कम न आल्यास प्रथम आपल्या बँकेकडे लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

• 'सर्व्हर अद्ययावत होत आहे, आपला ओटीपी सांगा' असा दूरध्वनी आल्यास तो फसवणुकीचा समजावा. सर्व्हरच्या कोणत्याही कामासाठी ग्राहकाच्या ओटीपीची किंवा पिनची गरज पडत नाही.

स्वतःचे संकेतस्थळ असलेल्या व्यापारी व संस्था ग्राहकांनी आपल्या तंत्रज्ञास एवढे तीन प्रश्न अवश्य विचारावेत : शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ती परत भरून कधी पाहिली होती, आणि रात्रीचे काम झाले नाही तर कोणास कळते ? उत्तरे लेखी घ्यावीत आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावीत.

सारांश

विरोधाचा संदेश म्हणजे यंत्राने घेतलेला लेखापरीक्षणाचा आक्षेप होय. आक्षेप वाचावा, त्यामागील नोंद शोधावी, सोय लावावी आणि मगच तो निकाली काढावा. सक्तीने पुढे जाण्याची आज्ञा उपलब्ध असली तरी तिने आक्षेप मिटत नाही, फक्त दिसेनासा होतो. पॅकेज काढण्यापूर्वी त्यावरील बोजा पाहणे, नवा आधार उभा करून मगच जुना काढणे आणि परतीची वाट आधी चालून पाहणे, एवढी त्रिसूत्री पाळल्यास डेटाबेसचे बहुतेक तंटे हानी न होता सुटतात.

स्वाध्याय

१. आपल्या कार्यालयातील किंवा संस्थेतील कोणती कामे रात्री आपोआप होतात, याची यादी करा. त्यांपैकी कोणते काम थांबल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोणाच्याही लक्षात येणार नाही ?

२. 'पुढे जावे काय ?' या प्रश्नास 'नाही' असे उत्तर देण्याचा अधिकार आपल्याकडे कोणास आहे, आणि त्याला ते माहीत आहे काय ?